सुई मीच मागितली होती

वाचकाचं पत्र

मॅडम, मी सदुसष्ट वर्षांची आहे. लालबागला चाळीत लग्न होऊन आले, आता त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर राहते. गोष्ट १९८३ च्या पावसाळ्यातली. गिरणीचा संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं, हे घरीच बसून होते. मुलगा चौदा महिन्यांचा, नुकता भिंतीला धरून पावलं टाकायला लागला होता. त्याला ताप आला, दोन दिवस उतरेना. शेजारणीकडून दहा रुपये उसने घेतले आणि नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते पातळ औषध देत होते. मीच म्हटलं, डॉक्टर, सुई मारा, लवकर बरं वाटेल. त्यांनी डावीकडे कमरेखाली इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उभा करायला गेले तर डावा पाय लोंबत होता. मोठ्या हॉस्पिटलात पोलिओ म्हणून सांगितलं. पोलिओचा एक डोस त्याला पाजलेला होता, तरी झाला.

सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, पाय सुईने नेला. मी कधी उलटून बोलले नाही. कारण सुई मीच मागितली होती, आणि हे कुणालाच ठाऊक नाही. मुलालाही नाही.

तो शिकला, नोकरीला लागला, रोज चिंचपोकळीहून गाडी पकडतो. डावा पाय मांडीपासून बारीक आहे. चालताना डावा हात मांडीवर दाबून चालतो, त्याच्या सगळ्या पँटी तिथेच आधी विरतात. लग्न उशिरा झालं. आता सव्वा महिन्याचा नातू आहे आणि पुढच्या आठवड्यात त्याची दीड महिन्याची इंजेक्शनं आहेत. सून म्हणाली, दोन्ही मांड्यांत एकेक आणि दंडावर एक. ऐकूनच माझे हातपाय गळाले. मी बाळाला नेऊ देत नाही म्हणून ती माझ्याशी बोलत नाही.

दुसरं म्हणजे वर्षभरात मुलाचा चांगला पायही थकायला लागलाय. जिन्यावर थांबतो, दोनदा पडला. मी त्याला म्हणते चाल जरा, व्यायाम कर. पोलिओ पुन्हा उलटला का? बाळाला त्याच्यापासून होईल का? आणि खरं सांगा, सुईनेच झालं होतं का?

एक आजी, लालबाग

उत्तर

ताई,

खरं सांगा म्हणालात, म्हणून गोड बोलून वेळ मारून नेत नाही. सुईने पोलिओ होत नाही. पण पोलिओचा विषाणू आधीच अंगात असताना मोठ्या स्नायूत सुई बसली, तर ज्या पायात ती बसली तोच पाय लुळा पडण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांना हे पुरतं माहीत आहे. सासूबाईंच्या बोलण्यात तेवढा खरेपणा होता. आणि तरीही बेचाळीस वर्षं तुम्ही जे ओझं वाहिलंत, ते तुमचं नव्हतं. का ते सावकाश सांगते, कारण बाळाच्या सुयांचं उत्तरही त्यातच आहे.

आधी तो ताप बघू. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो, घशात आणि आतड्यांत वाढतो, मग रक्तात उतरतो. मूल तापतं, किरकिर करतं, कधी उलट्या-जुलाब होतात. बहुतेक मुलांचं दुखणं इथेच संपतं. काही थोड्यांच्या बाबतीत विषाणू पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत शिरतो आणि स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी मारतो. तेव्हा ज्या तापासाठी तुम्ही त्याला नाक्यावर नेलंत, तो ताप जवळजवळ नक्की पोलिओचाच होता. तुम्ही दवाखान्याची पायरी चढलात तेव्हा विषाणू त्याच्या अंगात मुरलेला होता. आणि पहिल्या दोन दिवसांत हा ताप कुठल्याही साध्या तापासारखाच दिसतो. आईला ओळखता येत नाही, डॉक्टरलाही नाही.

आता सुईचं. सुईने स्नायूला बारीक इजा होते. तिथल्या नसांच्या टोकांतून विषाणूला वर चढायला वाट मिळते आणि तो नेमका त्याच पायाचा कारभार बघणाऱ्या पेशींपाशी पोचतो. १९९८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात ही वाट दिसून आली. संशय मात्र त्याच्या पन्नास वर्षं आधीपासून होता. १९५० च्या आसपास मेलबर्नमध्ये आणि इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं, की घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस टोचल्यावर थोड्याच दिवसांत काही मुलांना पोलिओ झाला आणि ज्या हाता-पायात टोचलं होतं नेमका तोच गेला. मग तिकडे पोलिओची साथ असली की टोचणं पुढे ढकलायचं, असा शिरस्ता पडला. साथ कधी आली आणि कधी गेली, हे तिकडे दिसायचं. आपल्याकडे पोलिओ बारा महिने असायचा, पावसाळ्यात जरा जास्त. त्यात तापाला सुई हा तर आपला रिवाजच. सुई मारत नाही तो कसला डॉक्टर, असं म्हणणारी माणसं मी आजही बघते. तुम्ही मागितली नसती तरी त्या दिवशी त्या किंवा पुढच्या गल्लीतल्या दवाखान्यात ती मिळालीच असती, अशी दाट शक्यता आहे.

सुई नसती तर पाय वाचला असता का, हा प्रश्न तुम्ही रात्री-अपरात्री स्वतःला विचारत असणार. त्या एका मुलाबद्दल ते छातीठोकपणे सांगणारं कुणी नाही. एकही सुई न टोचता दोन्ही पाय गेलेली मुलं मी पाहिली आहेत. आणि सुया टोचूनही धावणारी मुलं तुमच्याच चाळीत असतील.

आणखी एक शंका तुमच्या मनात नक्की असेल, कारण ती प्रत्येक आईच्या मनात असते: सुई नसेला लागली का? कमरेखाली चुकीच्या जागी टोचलं तर मांडीच्या मागून जाणाऱ्या मोठ्या नसेला इजा होते, हे खरं आहे. पण त्यात घोट्यापासून पाऊल पडतं, पावलाला बधिरपणा येतो आणि मांडीचा पुढचा स्नायू शाबूत राहतो. तुमचा मुलगा हात मांडीवर दाबून चालतो. गुडघा सरळ धरणारा पुढचा स्नायूच गेलेला असल्यामुळे दर पावलाला हाताने गुडघा मागे ढकलून त्याला तो कुलूपबंद करावा लागतो. ही चाल पोलिओची. डॉक्टरांची सुई चुकली नव्हती. तुमच्या पत्रातलं ते पँट विरण्याचं वाक्य वाचलं आणि मला पुढचं काही विचारावं लागलं नाही.

एकतीस वर्षं मी फिजिओथेरपीचं काम केलं, त्यातली पहिली बारा-पंधरा वर्षं पोलिओच्या मुलांत गेली. रेक्झिनच्या टेबलावर मूल निजवायचं आणि दोन्ही मांड्या गुडघ्यापासून सारख्या अंतरावर टेपने मोजायच्या. पहिल्या महिन्यात फरक एक सेंटिमीटर, वर्षभरात तीन. पाऊल हातात घेतलं की थंडगार लागायचं, पावसाळ्यात निळसर दिसायचं. पोटरीला चिमटा काढला की मूल कळवळून रडायचं, पण पाय मागे घ्यायचं नाही. संवेदना शाबूत, हलवण्याची ताकद तेवढी गेलेली. पहिल्यांदा ते बघणाऱ्या आईचा चेहरा मी विसरले नाही.

प्रत्येक आई येताना आपला गुन्हा बरोबर घेऊन यायची. कुणी ग्रहणात विळी धरली होती, कुणी थंड पाण्याने आंघोळ घातली होती, कुणी आदल्या दिवशी दही दिलं होतं, कुणी मूल सासूकडे ठेवून कामाला गेली होती. बाप असं काही सांगताना मी क्वचितच ऐकला. तुमच्या गुन्ह्याला वैद्यकाच्या पुस्तकात आधार सापडतो, म्हणून तो तुम्हाला जास्त खरा वाटतो. पण १९८३ साली लालबागच्या चाळीत, घरात पगार नसताना, उसने पैसे घेऊन मूल डॉक्टरकडे नेणाऱ्या बाईने आणखी काय करायला हवं होतं? जे पुस्तक नाक्यावरच्या डॉक्टरांनी वाचलं नव्हतं, ते तुम्ही वाचायला हवं होतं का?

विषाणू आला कुठून, तेही सांगते, कारण घर स्वच्छ ठेवत नव्हते का, असाही टोला तुम्हाला कुणीतरी मारलेला असणार. पोलिओ विष्ठेतून पसरतो. हात, पाणी, सामाईक संडास, चाळीच्या पॅसेजमध्ये रांगणारी पोरं. विषाणू अंगात शिरलेल्या साधारण दोनशे मुलांपैकी एकालाच लुळेपणा येतो. बाकीची एक-दोन दिवस तापतात किंवा तीही नाही. म्हणजे त्या पावसाळ्यात तुमच्या मजल्यावरच्या कितीतरी मुलांच्या पोटात तोच विषाणू होता आणि कुणाच्याच आईला तो कळला नाही.

उष्ण प्रदेशात पोलिओ असाच राहिला. मोठ्या साथी दिसायच्या नाहीत, म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांना कित्येक वर्षं वाटत होतं, की आफ्रिका-आशियात हा आजार फारसा नाहीच. १९७० च्या दशकात घानामध्ये शाळकरी मुलांचे लंगडणारे पाय मोजले, मग इतर देशांत मोजले, तेव्हा डोळे उघडले. आपल्याकडे विषाणू इतका सगळीकडे होता, की मूल दोन वर्षांचं व्हायच्या आत त्याच्याशी गाठ पडायचीच. आईकडून आलेलं संरक्षण पहिले काही महिने पुरतं. ते ओसरतं तेव्हाच मूल रांगायला लागतं आणि मिळेल ते तोंडात घालतं. तुमचा चौदा महिन्यांचा. मी पाहिलेली बहुतेक मुलं सहा महिने ते दोन वर्षं या वयातच आजारी पडलेली होती. याला बालपक्षाघात म्हणायचे ते उगाच नाही.

आणि डोस पाजूनही का झाला? एकच डोस होता म्हणून. तोंडावाटे द्यायची लस थंड देशांत दोन-तीन डोसांत छान काम करायची, इथे तेवढ्यात भागत नव्हतं. वेल्लोरच्या डॉ. टी. जेकब जॉन यांनी हे १९७० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. आपल्या मुलांच्या आतड्यांत इतर विषाणूंची गर्दी असते, जुलाब असतात, त्यात लसीचा विषाणू टिकत नाही. म्हणून तर पुढे १९९५ पासून पल्स पोलिओचे रविवार आले आणि तेच मूल पुन्हा पुन्हा बूथवर न्यावं लागलं. करंगळीला शाई लावलेली पोरं तुम्हाला आठवत असतील. किती वेळा पाजायचं, म्हणून लोक वैतागायचे. पण त्या पुन्हा पुन्हा पाजण्यानेच काम झालं. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण म्हणजे हावड्याची दीड वर्षाची मुलगी, १३ जानेवारी २०११. मार्च २०१४ मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. २००९ साली एका वर्षात ७४१ मुलं लुळी पडली होती, तिथून दोन वर्षांत एकावर आणि मग शून्यावर. हे व्हायला माझ्या नोकरीची निम्मी वर्षं गेली, त्यामुळे बूथवरच्या कुठल्याही आशाताईला किंवा अंगणवाडीच्या बाईला मी आजही मनापासून नमस्कार करते.

आता बाळ. तुमची भीती एका खऱ्या घटनेतून आली आहे, म्हणून तिला उत्तरही नेमकंच द्यायला हवं. सुईने पाय जायला अंगात पोलिओचा विषाणू लागतो. तो आज मुंबईत फिरत नाही. हे मी अंदाजाने बोलत नाही. तुमच्या लालबागेजवळच, परळला हाफकिनच्या आवारात, विषाणूंची प्रयोगशाळा आहे. २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने घेऊन त्यात पोलिओचा विषाणू शोधला जातो. शिवाय देशात कुठेही पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला, की त्याच्या शौचाचे दोन नमुने चोवीस तासांच्या अंतराने घेऊन तपासायला पाठवतात. हे पहिल्या चौदा दिवसांत व्हावं लागतं, म्हणून असं मूल कुठे दिसलं तर मालिश करत बसायचं नाही, त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. बहुतेकदा कारण वेगळंच निघतं, पण तपास होतोच.

तुम्ही म्हणाल, तोंडावाटे डोस देतात त्यात जिवंत विषाणू असतो, मग त्याच दिवशी सुई कशी चालते? चांगला प्रश्न आहे. रुमानियात नेमका हाच अभ्यास झाला होता, १९९५ मध्ये तो छापून आला. लसीचा डोस घेतल्यावर पुढच्या महिन्याभरात ज्या मुलांना एकामागून एक इंजेक्शनं दिली गेली, बहुतेक सगळी अँटिबायोटिकची, त्यांच्यात लसीच्या विषाणूने लुळेपणा येण्याचा धोका वाढलेला होता. डोसाच्या आधी किंवा डोसाबरोबर दिलेल्या सुईने तो वाढलेला नव्हता. म्हणजे दीड महिन्याला तोंडात थेंब आणि मांडीत सुई एकाच वेळी द्यायला काही हरकत नाही. हरकत कशाला घ्यायची, तर पुढे ताप-सर्दी झाली म्हणून कुणी लगेच सुई भरायला लागलं तर. तिथे मात्र तुम्ही आडव्या या. सुई खरंच लागते का, तोंडावाटे औषध चालेल का, हे विचारायचा हक्क आजीला आहे.

त्या दिवशी काय काय होईल ते सांगते, म्हणजे तिथे दचकायला होणार नाही. तोंडात पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसचं औषध. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि मेंदूज्वराचा एक जंतू, एवढ्यांवर मिळून एकच सुई. उजव्या मांडीत न्यूमोनियाची. आणि उजव्या दंडावर पोलिओचीच, पण मारलेल्या विषाणूची. ही दंडावरची नीट बघा. ती स्नायूत जात नाही, कातडीत जाते, थेंबभरच असते आणि टोचल्यावर मसुराएवढा फुगवटा येतो. मेलेल्या विषाणूने पोलिओ होऊ शकत नाही. तोंडाच्या डोसाने लाखो मुलांमागे एखाद्याला अपाय व्हायचा, तो टाळायला आणि संरक्षण पक्कं करायला ही लस २०१५ मध्ये आपल्याकडे आली. आता ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा देतात. १९८३ मध्ये तुमच्या नाक्यावर ती नव्हती.

तसं बघितलं तर बाळाला सुया लागूनही गेल्या आहेत. वेळापत्रकाप्रमाणे बाळंतपणाच्या हॉस्पिटलातच क्षयाची बीसीजी दंडावर आणि काविळीची मांडीत देतात. सुनेकडून कार्ड मागून बघा.

थांबलं तर काय बिघडेल, असंही मनात येईल. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात नैसर्गिक विषाणू अजून आहे. २०२२ साली लंडन आणि न्यूयॉर्कच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, तो लसीच्याच विषाणूपासून बदलत गेलेला होता आणि लस न घेतलेल्या वस्त्यांत वाढला होता. २०२४ मध्ये गाझात दहा महिन्यांच्या बाळाचा पाय गेला, तिथे पंचवीस वर्षांत पोलिओ नव्हता. युद्धात त्याची लस राहून गेली होती. मुंबईत रोज किती विमानं उतरतात ते तुम्ही अकराव्या मजल्यावरून बघताच. तुमच्या घरात पोलिओ काय असतो हे माहीत असलेल्या तुम्ही एकट्या आहात. सुनेला तो पुस्तकातला वाटतो. म्हणून बाळाला मांडीवर घेऊन तिथे तुम्हीच बसा, असं मला वाटतं. सुनेला सांगा, मी येते बरोबर. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबायचं, जागा चोळायची नाही, हळद-तेल काही लावायचं नाही. रात्री अंग तापेल, मांडी थोडी सुजेल, पाय हलवताना रडेल. तुमचा जीव वर-खाली होईल. पाय हलतोय ना, एवढं बघा आणि झोपा. तापाचं औषध नर्सताई सांगतील तेवढंच द्या.

आणि मुलगा. बाळाला त्याच्यापासून काहीही होणार नाही. विषाणू त्याच्या अंगातून १९८३ सालीच निघून गेला. पोलिओ उलटलेला नाही. पण त्याचं थकणं खरं आहे आणि त्याला नाव आहे, पोस्ट-पोलिओ सिंड्रोम.

मज्जारज्जूतल्या काही पेशी मेल्या तेव्हा वाचलेल्या पेशींनी शेजारच्यांचे अनाथ स्नायू दत्तक घेतले. एकेका पेशीने दुप्पट-चौपट संसार ओढला. त्या जोरावर तो उभा राहिला, शाळेत गेला, गाड्या पकडल्या. चाळीस वर्षांनी त्या पेशी थकतात आणि घेतलेला भार एकेक करून सोडायला लागतात. उजव्या पायाला चांगला म्हणत आलो, पण पोलिओ बहुतेकदा दोन्हीकडे थोडा थोडा शिवलेला असतो, एकीकडे दिसतो एवढंच. आणि या उजव्या पायाने आयुष्यभर दोन पायांचं काम केलं.

म्हणून ताई, चाल जरा, व्यायाम कर, हे आजपासून बंद. तुम्ही काळजीने म्हणता, पण या दुखण्यात रेटून केलेला व्यायाम स्नायूंना आणखी खचवतो. ज्या श्रमाने दुसऱ्या दिवशीही पाय दुखतो किंवा जड राहतो, तो श्रम जास्त झाला असं समजायचं. हलका, मोजका, मध्ये विश्रांती घेऊन केलेला व्यायाम चालतो, तोही जाणकाराने शिकवलेला.

त्याला आधी नीट तपासून घ्या, कारण बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, साखर, मणक्यातली दबलेली नस, या सगळ्यांत पाय असेच थकतात आणि त्यांतल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. ते सगळं नाही असं ठरल्यावरच पोस्ट-पोलिओ म्हणायचं. हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारची संस्था, १९५५ पासूनची. तिथे डॉक्टर, फिजिओथेरपी आणि पायाला आधार देणारे कॅलिपर बनवणारे एकाच आवारात भेटतात. लहानपणीचे कागद असतील तर न्या, नसले तरी जा. श्वास लागतो का, गिळताना ठसका लागतो का, रात्री झोप नीट होते का, हेही तिथे सांगायला सांगा. कधी ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरला पोलिओ झाला होता हे आधी सांगायचं.

कॅलिपर म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडेल. त्याला तो लोखंडी पट्ट्यांचा, चामड्याच्या बंदांचा, पावसात कुबट वास मारणारा आणि लाकडी गॅलरीत टकटक वाजणारा आठवत असेल. शाळा सुटल्यावर पोरांनी तो फेकून दिलेला मी पाहिलाय. आताचे प्लास्टिकचे, हलके असतात, पँटच्या आत दिसत नाहीत, आणि तो घातला की हात मांडीवरून सुटतो. दोनदा पडलाय म्हणता, तिसऱ्यांदा खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच अवघड होईल. ऑफिसमध्ये बसायची जागा, वेळ, लिफ्टजवळचं टेबल, हे मागायला त्याला लाज वाटू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा त्याला आधार आहे.

उरलं ते तुमचं गुपित. माझं मत स्पष्ट आहे, त्याला सांगा. तो त्रेचाळीस वर्षांचा बाप माणूस आहे, आजीचं बोलणं त्याने लहानपणापासून ऐकलंय आणि त्यातून आपल्या पायाची एक गोष्ट त्याने मनात केव्हाच रचलेली असणार. बहुधा ती खऱ्यापेक्षा वाईट असेल. मी लिहिलेलं हे त्याला वाचायला द्या. पण आधी तुमच्या तोंडून ते एक वाक्य जाऊ द्या: सुई मीच मागितली होती. बस, मला तुला काही सांगायचंय, असं करू नका, तो घाबरेल. त्याची विरलेली पँट रफू करायला घ्याल तेव्हा सांगा. हातात काम असलं की नजर कुठे ठेवायची हा प्रश्न पडत नाही. तो लगेच काही बोलला नाही तर उत्तर मागू नका. बाळाला त्याच्याकडे द्या आणि तुम्ही टाका घालत राहा.

हाजी अलीला काय म्हणाले ते मला कळवा.